दरमहा तीन पौंड

कागदावर गाढवाचं चित्र होतं, म्हातारं,
एका डोळ्यात फूल पडलेलं.
खाली छापलेलं: मुक्या जिवांसाठी.
मी सही केली. दरमहा तीन पौंड.
नवरा गेल्यानंतरचा तो मार्च,
बोलायला घरात मांजर तेवढी उरली होती.

अकरा वर्षं झाली. हिशेब कधी मांडला नाही.
परवा मांडला, टॉन्टनच्या कोर्टात,
मागच्या बाकावर, हातमोजे मांडीत घेऊन.
तीनशे शहाण्णव.
त्यांचा वकील तासाला तेवढे घेतो म्हणे.
म्हणजे माझी अकरा वर्षं त्याने
घसा खाकरून, चष्मा पुसून
चहाच्या सुट्टीआधीच संपवली.

आरोपीच्या जागी अब्राम टॅपस्कॉट.
वय एकसष्ट. शिकारी कुत्र्यांची घाण काढणारा,
त्यांची पिल्लं बाटलीने वाढवणारा.
लाल कोटवाले वेगळे. त्यांच्यातला एक
खिडकीशी बसून फोन चाळत होता.
त्यांच्याकडे कागद होते: आम्ही तर, साहेब,
वासाच्या फडक्यामागे घोडे पळवत होतो.
फडकं कुणी ओढलं, कुठून कुठे, नकाशासकट.
फिल्ममध्ये फावडं मात्र अब्रामच्याच हातात.

फिल्म चार मिनिटांची.
ती घेणारा पोरगा दोन दिवस कुंपणात
दबा धरून बसला होता.
किती थंडी होती, हे त्याने अभिमानाने सांगितलं.
माग कसा काढला, वारा कुठून होता, तेही.
अब्राम पहिल्यांदाच मान वर करून
लक्ष देऊन ऐकू लागला,
जाणकार जाणकाराचं ऐकतो तसा.

माझी घोडी पाय मोडून ओढ्यात पडली ती रात्र.
आधी फोन मी मंडळालाच केला होता.
मांजरासाठी एक दाबा. कुत्र्यासाठी दोन.
देणगी द्यायची असेल तर तीन.
मग अब्रामला केला.
तो आला, कोटाखाली झोपायचा पायजमा,
गुडघाभर पाण्यात उतरला,
तिच्या डोळ्यावर तळहात ठेवून
काहीतरी पुटपुटत राहिला, बराच वेळ,
आणि मग एकच आवाज.
पैसे घेतले नाहीत. घोडी कुत्र्यांच्या पोटात गेली.
मला ठाऊक होतं. त्याने सांगितलं नाही,
मी विचारलं नाही.

कोल्ह्याला बाजू नाही असं नाही.
एकदा तो माझ्या परसातून गेला,
जीभ लोंबती, शेपूट चिखलाने जड.
थांबून माझ्याकडे बघितलं.
मी दार उघडलं नाही, आणि कुणाला हाकही मारली नाही.
कायदा झाला तेव्हा बरंच वाटलं होतं मला.
पण कायदा मोडला तर पोलीस आहेत ना,
पगार घेणारे, हुकमाचे ताबेदार.
ज्याच्या हातात दानपेटी
त्याच्याच हातात दंडुका, हे पटत नाही.
आणि गावातलं त्यांचं मांजरघर
पैशांअभावी गुरुवारी बंद असतं.

न्यायाधीण बाई मऊ आवाजात म्हणाल्या,
तुम्हाला काही सांगायचंय?
अब्रामने बुटांकडे बघितलं.
ओठ हलले. शब्द आला नाही.
दंड झाला. वर खर्च,
म्हणजे वकिलाचा तो तासही त्याच्याच माथी;
मग माझे पैसे नेमके कुठे गेले,
हा हिशेब मला पुन्हा लागेना.

बाहेर पायऱ्यांवर मंडळाची तरुण मुलगी
माईकसमोर हसत होती. विजय, म्हणाली.
अब्राम टोपी काढून माझ्याशी थांबला.
मिसेस हॅन्कॉम, मांजर बरी आहे ना?
बरी आहे, म्हटलं.

बँकेत गेले, ते तीन पौंड बंद करायला.
फॉर्मवर कारणांचे चार चौकोन.
माझं कारण कुठल्याच चौकोनात बसेना.
काउंटरवरचा मुलगा म्हणाला, इतर असं लिहा.
पेन हातात धरून उभी राहिले,
तर ते गाढव आठवलं, त्याचा तो पांढरा डोळा.
अकरा वर्षांनी ते जिवंत आहे का,
हेही कुणाला विचारलं नाही.
मागे रांग वाढत होती.